सातबारा कोणाच्या नावावर?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १३ वा, सुरुवातीचा भाग. सोबत ज्ञानेश्वरीतला त्याच अध्यायाचा आरंभ.

भगवंत अर्जुनाला सांगतात की या शरीराला 'क्षेत्र' म्हणतात आणि जो हे क्षेत्र जाणतो तो 'क्षेत्रज्ञ'. क्षेत्र म्हणजे शेत. आपल्या बोलीत वावर. आपण ज्याला 'मी' म्हणतो त्यातला केवढा तरी भाग भगवंतांनी एका शब्दात शेताच्या हिशोबात टाकला. शरीर आलंच, पण इंद्रियं, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख हेसुद्धा सगळं वावरच. जाणणारा त्याहून वेगळा.

माऊली इथे थांबून एक मजेदार वाद मांडतात. हे शेत नक्की कोणाचं? कोणी म्हणतं जीवाचं, कोणी म्हणतं प्रकृतीचं. कोणी संकल्पाचं म्हणतं, कोणी स्वभावाचं, तर कोणी म्हणतं सगळं काळाच्या मालकीचं. वाचताना तलाठी कार्यालयाबाहेरची भांडणं आठवतात. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: सातबारा माझ्या नावावर आहे.

आजचा प्रश्न तिथूनच निघतो. माझ्यात जे चांगलं पिकलं, म्हणजे शिक्षण, नोकरी, थोडीफार अक्कल, त्याचं श्रेय कोणाचं? आणि दुसऱ्याच्या शेतात जे पिकलं नाही, त्याचा दोष कोणाचा?

हा प्रश्न मला आज एका वेगळ्याच पिकावरून तपासायचा आहे: डोंगरउतारावरची द्राक्षं आणि त्यांची रेड वाइन. भक्तीच्या पानावर वाइन कशाला, असं वाटलं असेल तर थोडं थांबा. मी पीत नाही आणि प्या असंही म्हणत नाही. पण जमीन आणि हवा पिकाच्या स्वभावात किती उतरते, याचा जगात सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला असेल तर तो याच पिकाचा. फ्रेंच लोकांनी त्यासाठी एक शब्दच ठेवलाय, 'तेरुआर'. माती, उतार, पाऊस, ऊन, वारा आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेल्या माणसांची सवय, हे सगळं मिळून तेरुआर. मला तर हा शब्द 'क्षेत्र'चा लांबचा चुलतभाऊच वाटतो.

आधी आपल्या महाराष्ट्रातलंच बघू. भंडारा आणि नाशिक नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेत येतात. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, भंडारा २१ च्या जरा वर. म्हणजे सूर्य दोघांना सारखाच. पण भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, वैनगंगेच्या खोऱ्यात. नाशिक सह्याद्रीच्या कुशीत, सहाशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशोबाने नुसत्या उंचीमुळेच दोनेक अंशांचा फरक पडतो. पाऊसही दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात आपल्यापेक्षा बराच कमी. म्हणून आपल्याकडे धान, तलाव, बोड्या. तिकडे द्राक्षबागा.

रेड वाइनचा लाल रंग येतो कुठून? बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच असतो. रंग आणि तुरटपणा असतो सालीत. म्हणून रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. मणी जेवढा लहान, तेवढं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, आणि वाइन तेवढी गडद. आता मणी लहान कधी राहतो? वेलीला पाणी जरा हात राखून मिळालं तर. डोंगरउताराची मुरमाड, पातळ जमीन पाणी धरून ठेवत नाही, ते निचरून जातं. अशा जमिनीत वेल पानांचा पसारा कमी करते आणि फळात जीव ओतते. तीच वेल खोल, काळ्या, ओलसर जमिनीत लावली तर पानं भरपूर, मणी टपोरे, आणि चव पाणचट.

रात्रीचं कामही तितकंच महत्त्वाचं. दिवसाच्या उन्हात साखर तयार होते. रात्र उबदार राहिली तर द्राक्षातलं आम्ल जळून जातं. रात्र गार असली तर ते टिकतं, सालीचा रंगही चांगला धरतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली उतरला ही दरवर्षी पेपरात बातमी असते. आपल्याला ती थंडीची बातमी वाटते, पण वाइनच्या द्राक्षांसाठी तीच मोठी कमाई असते. अर्थात फार उतरला तर मणी तडकतात. कृपेलाही प्रमाण लागतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं की मातीतले दगड-खनिजं सरळ चवीत उतरतात. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठातले भूवैज्ञानिक ॲलेक्स मॉल्टमन यांनी अनेक वर्षं हाच मुद्दा खोडून काढलाय. चुनखडीत वाढलेल्या द्राक्षाला चुन्याची चव येते असं होत नाही. माती काम करते ती आडवाटेने: पाणी किती देते, कधी देते, मुळांना किती खोल जाऊ देते, किती ऊब धरते.

हे वाचलं तेव्हा मला माणसांबद्दलचं एक कोडं सुटल्यासारखं वाटलं. आपण म्हणतो, 'गरिबीत वाढला म्हणून असा,' 'चांगल्या घरातला म्हणून तसा.' जणू माती थेट चवीत उतरली. परिस्थिती तसं काम करत नाही. ती माणसाचा स्वभाव लिहीत नाही. ती फक्त ठरवते की कोणत्या वेळी किती पाणी मिळेल. बारावीच्या वर्षी घरात कोणी आजारी होतं का, फी भरायच्या दिवशी धान विकलं गेलं होतं का, इंग्रजी समजावणारं कोणी होतं का. पण त्या वेळेवरच्या पाण्याने पिकात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आपल्या भंडाऱ्यात जमिनीच्या जातींना सुंदर नावं आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी. कन्हार म्हणजे काळी, भारी. बर्डी म्हणजे मुरमाड, हलकी, उंचवट्यावरची. वाटणीत बर्डी ज्याच्या वाट्याला येते त्याचं तोंड पडतं, कारण तिच्यात धानाची बांधी धरत नाही. आणि दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षासाठी माणूस अशाच निचऱ्याची, हलकी जमीन शोधत फिरतो. मग जमीन वाईट म्हणायची की आपण तिच्यात चुकीचं पीक मागत होतो? स्वधर्माबद्दल गीता जे बोलते, त्याची ही मला सापडलेली सगळ्यात साधी समजूत आहे. जमिनीला नालायक म्हणण्याआधी तिला काय जमतं ते विचारावं. (बर्डीत उद्या द्राक्षं लावा असं मात्र मी सांगत नाहीये, आपल्याकडचा पाऊस ती टिकू देणार नाही.)

दुसरं उदाहरण परदेशातलं. माल्बेक नावाचं काळं द्राक्ष मूळ फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातलं. तिथे त्याची वाइन फार गडद, करकरीत तुरट. १८५३ मध्ये मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ते अर्जेंटिनात नेलं. तिथे मेंडोझा भागात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, हजार-हजार मीटर उंचीवर, बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर ते वाढलं. कोरडी हवा, कडक ऊन, गार रात्री. तेच द्राक्ष तिथे मऊ आणि फळांच्या सुवासाचं झालं, आणि आज जग माल्बेकला अर्जेंटिनाचंच समजतं. बीज तेच, क्षेत्र बदललं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळं जमिनीवरच आहे तर! इथे सावध राहायला हवं. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दो भागातल्या वाइन बनवणाऱ्या घराण्यांची प्रतवारी ठरवली गेली: पहिली प्रत, दुसरी, अशा पाच. ती यादी इतकी पक्की झाली की दुसरीतून पहिलीत बढती मिळाली ती एकाच घराण्याला, मूटोन रोथशिल्डला, आणि तीही १९७३ मध्ये. मग २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना बाटलीवरचं नाव न दाखवता वाइन चाखायला दिल्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. क्षेत्राचा अभ्यास जेव्हा क्षेत्राचा अभिमान होतो, तेव्हा त्याची उतरंड बनते. ही उतरंड आपल्याला परकी नाही. जन्मावरून प्रत ठरवायचा उद्योग आपण त्यांच्याहून कितीतरी जुना आणि कितीतरी क्रूर करून ठेवलाय. रेझ्युमेवर कॉलेजचं नाव बघून उमेदवाराकडे बघायचा चेहरा बदलतो, तीही त्याचीच शहरी आवृत्ती.

मग माणसाच्या हातात काय उरतं? छाटणी.

थंड देशात हिवाळ्यात वेल झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एप्रिलनंतर ज्या काड्या वाढतात, त्यांच्या डोळ्यांत आतल्या आत पुढच्या घडांची सुरुवात होते. शेतकरी तिला सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही. द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये काढायचं, पण ते किती येणार हे आदल्या उन्हाळ्यातच बरंचसं ठरलेलं असतं. पुढे लागलेले घडही सगळे ठेवत नाहीत. विरळणी करतात, म्हणजे राहिलेल्यांत रस भरतो. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राच्या घरची दिंडोरीला बाग आहे. त्याचे वडील म्हणाले होते, "वेल आपली नाही, जमीन आपली नाही, पाऊस तर नाहीच नाही. कात्री तेवढी आपली." हे ऐकून मला गीतेचा अठरावा अध्याय आठवला.

तिथे भगवंत सांगतात की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. आणि पुढे म्हणतात, हे असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. नाशिकच्या वाइनला हे लावून बघा. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, परत आले आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी नाशिकजवळ सुलाची बाग लावली. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. कर्ता आणि त्याची धडपड नक्कीच मोठी. पण घरची जमीन होती, ते अधिष्ठान. परदेशातून आलेली द्राक्षाची जात, आंबवताना थंड ठेवायच्या टाक्या, केरी डॅम्स्की हे कॅलिफोर्नियातले अनुभवी वाइनतज्ज्ञ, ही करणं. आणि दैव? २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, सवलती दिल्या. तेही दैवच. आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, ज्यात कित्येकांचं हाताशी आलेलं पीक गेलं, तेही दैवच. कात्री सगळ्यांची चाललेली होती.

आता हे सगळं माझ्या अंगावर येतं ते असं.

गावाकडे आमची पावणेपाच एकर सामायिक जमीन आहे. थोडी सिहार, थोडी बर्डी. मोठे बाबा गेले तेव्हा त्यांचा मुलगा, माझा दादा, भंडाऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कॉलेज सोडलं आणि बांधीत उतरला. त्याच्या पुढच्या वर्षी मला नागपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. चार वर्षांची फी आणि मेस त्या धानातून गेली. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं, ताईचं आणि माझं नाव चढलं. आता रस्त्याला लागून भाव वाढलेत. नातेवाईक म्हणतात, "तुझा हिस्सा मोजून घे, नाहीतर निदान ठेका तरी घे दरवर्षी. भाऊ आपल्या जागी, हिशोब आपल्या जागी." आणि एक वाक्य सगळेच जोडतात: "तू मेहनत केलीस म्हणून पुढे गेलास. तो राहिला तिथेच."

मेहनत मी केली, हे खरं आहे. रात्रीचे दोन-दोन वाजलेत. पण जून-जुलैत गुडघाभर चिखलात वाकून जो रोवणी करतो, त्याला मेहनतीबद्दल मी काय सांगू? त्या वर्षी पाणी एकाच बांधीला पुरेल एवढं होतं आणि ते माझ्या बांधीत वळवलं गेलं. धुऱ्याची माती उचलून ज्याने ते वळवलं, तो दादा होता. मागे मी त्याला हे बोलून दाखवलं तर तो हसला. म्हणाला, "बाबू, पानी टायमावर भेटलं तं बर्डीतबी पिकते. तुले भेटलं, बस."

सातबाऱ्याचे दोन भाग असतात हे आपण विसरतो. नमुना सात सांगतो मालक कोण. नमुना बारा सांगतो शेतात पेरलं काय. माऊलींनी मांडलेला वाद नमुना सातचा आहे, आणि त्याचा निकाल कोणत्याच दावेदाराच्या बाजूने सरळ लागत नाही. म्हणजे 'माझं' म्हणून छाती पुढे काढायला जागा नाही. पण बाराचा रकाना माझ्यापुढे रिकामा आहे आणि तो मलाच भरायचाय. तिथे 'परिस्थितीच तशी होती' असं लिहून चालत नाही.

यातून मला एक नियम सापडतो. दुसऱ्याला जोखताना आधी त्याची जमीन बघावी. स्वतःला जोखताना आधी आपली कात्री बघावी.

कोणी म्हणेल, हा दुजाभाव झाला. न्याय सगळ्यांना सारखा हवा. हा आक्षेप मी बरेच दिवस डोक्यात फिरवला. मला मिळालेलं उत्तर 'क्षेत्रज्ञ' या शब्दातच आहे. क्षेत्राला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. माझ्या शेतात कुठल्या दिवशी पाणी होतं आणि तरी मी आळस केला, हे मला आतून माहीत आहे. दादाच्या शेतातलं मला माहीत नाही, मी बांधावरून बघतोय. सर्व क्षेत्रांना जाणणारा तर तो एकच आहे, आणि तो मी नाही. जिथे माहिती अर्धी, तिथे निवाडाही जपून द्यावा. हा दुजाभाव वाटत असला तरी आपल्या नजरेची मर्यादा ओळखणं एवढंच त्यात आहे.

म्हणजे कोणाला कधी दोषच द्यायचा नाही का? तसंही नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला थांबवावंच लागतं, शिक्षा व्हावीच लागते. रोग लागलेली काडी शेतकरी कापतोच. पण तो वेलीचा राग करत कापत नाही, आणि कापून झाल्यावर स्वतःला वेलीपेक्षा श्रेष्ठही समजत नाही. अन्याय थांबवणं कर्तव्य आहे. त्या माणसाला कायमचं खालच्या प्रतीत टाकणं हा १८५५ च्या यादीचा मोह आहे.

राहिला जमिनीचा प्रश्न. येत्या अक्षय्य तृतीयेला आम्ही सगळे बसणार आहोत. आईचा आणि ताईचा हिस्सा हा त्यांचा निर्णय, माझ्या वैराग्याचा खर्च त्यांच्या पदरातून नको. माझ्यापुरतं मी ठरवलंय: दादा कसतोय तोवर माझ्या हिश्शाचा ठेका घ्यायचा नाही, आणि विकायचा विषय माझ्याकडून निघणार नाही. त्याला दान म्हणायचं नाही, हे मात्र मी स्वतःला रोज बजावतोय. दान देताना देणारा मालक असावा लागतो. इथे तर माझ्या पगाराच्या सातबाऱ्यावरच दादाचं नाव इतर हक्कात लागलेलं आहे.

आजचा अभ्यास छोटासा आहे. तुमच्या टीममधला, वर्गातला, घरातला कोणी एक माणूस आठवा ज्याला तुम्ही मनात 'हा काही कामाचा नाही' असं लिहून टाकलंय. त्याला पाणी कधी मिळालं आणि कधी नाही, हे तुम्हाला खरंच माहीत आहे का ते तपासा. मग तुमच्या स्वतःच्या यशातल्या एका गोष्टीची पाच कारणं कागदावर लिहा. 'मी' ला एकच ओळ द्या. उरलेल्या चार ओळींत नावं लिहा, आणि त्यातल्या एकाला आज फोन करा.

उद्या याच अध्यायात पुढे, अमानित्वापासून सुरू होणारी ज्ञानाची लक्षणं वाचू. क्षेत्र आपलं नाही हे कळल्यावर पहिलं लक्षण मानाची अपेक्षा नसणं हेच का यावं, ते आता सांगायला नको.

राम कृष्ण हरी.